अवधी आणि दैव

कात्रजच्या घाटाखालून पुण्यात शिरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही दशकांत ज्या गृहसंस्था उभ्या राहिल्या, त्यांतील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आज परदेशी आहे. आणि लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण जवळ आले, की साठी ओलांडलेली आई डिंकाचे लाडू, मेतकूट आणि जुन्या लुगड्यांची दुपटी बॅगेत भरून सॅन होजेच्या नाही तर न्यू जर्सीच्या वाटेला लागते. तिचे तिकीट बहुधा तिकडे राहणारा मुलगा काढतो. आणि पहिले विमान उतरल्यापासून दुसरे सुटेपर्यंत किती अवधी असावा, याचा निवाडाही तिकिटाच्या किमती पाहता पाहता तोच करून टाकतो. वरवर पाहता ही व्यवहारातली एक बाब. परंतु दैव आणि पुरुषप्रयत्न यांचा जो वाद आपल्या शास्त्रकारांनी मांडला, तो इतक्या उघड्या स्वरूपात मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव अशी कारणे सांगून, ही पाचही असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी अपक्व होय, असे पुढे बजावले आहे. उलट योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात, की दैव नावाची निराळी वस्तूच नाही. पूर्वी केलेला आपलाच प्रयत्न फळाला आला, म्हणजे लोक त्याला दैव म्हणतात. हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असेच पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण या माउलीच्या प्रवासातच सापडते.

नवले पुलापाशी वाहने तुंबावीत, द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा व्हावा, मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी बहुतकरून एकच वापरात राहून विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागाव्यात, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुके उतरावे, यांतील एकही गोष्ट तिच्या स्वाधीन नाही. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तेथेच, पुढचे विमान गाठायचे असले तरीही, पारपत्राची तपासणी करून घ्यावी, फिरत्या पट्ट्यावरून आपले सामान उचलावे, ते जकातीच्या चौकीतून न्यावे आणि पुन्हा कंपनीच्या स्वाधीन करावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. त्या रांगेत ती उभी असते. पर्सच्या आतल्या कप्प्यातले पारपत्र हातात घट्ट धरलेले, मुलाचा पत्ता लिहिलेला कागद घडीवर फाटत आलेला. आणि मेतकुटाच्या पुडीवर बोट ठेवून अंमलदार काही विचारतो, तेव्हा ते पीठ आहे, खायचे आहे, एवढे सांगायलाही तिला शब्द जुळवावे लागतात. अशा वेळी घड्याळाकडे पाहून तिने घाई करायची म्हणजे नेमके काय करायचे?

करण्याजोगे जे होते ते तीन महिन्यांपूर्वीच झाले. नव्वद मिनिटे पुष्कळ झाली असे मानून ज्या क्षणी तिकीट काढले गेले, तो क्षण प्रयत्नाचा होता. आज तोच तिच्यापुढे दैव होऊन उभा आहे. वसिष्ठांचे म्हणणे येथे अक्षरशः खरे ठरते. आणि गीतेचेही खरे ठरते, कारण धुके हे कोणाच्याही पूर्वप्रयत्नाचे फळ नव्हे. त्या पाचव्या कारणासाठी हिशेबात जागा सोडणे, एवढेच माणसाच्या हाती असते, आणि तेही आगाऊच. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पाण्याचा नळ नेला, तेव्हा त्या भूमिगत मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. कोंडलेल्या हवेला वाट मिळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, अशी ती तजवीज होती. दोन विमानांमधला मोकळा वेळ हा तसाच उच्छ्वास आहे. पाणी वाहू लागल्यावर तो बांधता येत नाही.

परंतु वसिष्ठांच्या विवेचनात न आलेली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. तेथे कर्ताही तोच आणि भोक्ताही तोच. येथे प्रयत्न मुलाचा आणि दैव आईचे. विमान कंपन्या आणि विमानतळ यांनी ठरवलेली एक किमान मुदत असते, आणि तिच्या आत बसणारे तिकीट बिनदिक्कत विकले जाते. पण ही मुदत धडधाकट, फलक वाचून झपाझप चालणाऱ्या प्रवाशाला मानवणारी असते. नियमाने पुरेसा असलेला अवधी गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुरेसा असतोच असे नाही, आणि कायदा व धर्म यांतले अंतर नेमके येथे मोजता येते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय लावण्याचा भार कंपनीवर राहतो. पैसे वाचवण्यासाठी दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या दप्तरी ती केवळ गैरहजर प्रवासी. वाचलेले पैसे एकाचे आणि जोखीम दुसऱ्याची, हा सौदा आईच्या संमतीवाचून होत असेल, तर त्याला मी अस्तेयव्रताचा भंगच म्हणेन.

कोणी म्हणेल, मग चौदा तास बसवून ठेवावे काय? तसेही नव्हे, वृद्ध देहाला लोखंडी खुर्चीवर रात्र काढायला लावणे हीदेखील हिंसाच. कोण चालणार आहे आणि पलीकडे काय खोळंबले आहे, या दोन गोष्टींवरून माप ठरवावे: सहलीला निघालेल्या तरुणाने दोन तासांवर भागवावे, बाळंतपणाला निघालेल्या आईला चार-पाच द्यावेत. व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी. आणि तिकीट पक्के करण्यापूर्वी मुलाने कात्रजला फोन लावून, मध्ये किती वेळ आहे, विमान चुकले तर पुढचे कोणते, कोणत्या खिडकीवर जायचे आणि काय म्हणायचे, हे तिला सांगावे, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि ठरेल ते ठळक मराठी अक्षरांत, खाली त्याच मजकुराच्या इंग्रजी ओळीसह, एका कागदावर लिहून तिच्या पारपत्रात ठेवण्याची व्यवस्था करावी.