वेळ कोणाचा मोजायचा?

प्रोग्रामिंग भाषा निवडताना यंत्राच्या वेगाला महत्त्व द्यावे की उत्पादकतेला, म्हणजे ठरावीक श्रमांत प्रोग्रामरच्या हातून होणाऱ्या कामाला, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे, कारण कोणाचा वेळ मोजायचा आणि कोणाचा गृहीत धरायचा हे त्यात ठरते. 1957 मध्ये जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम 704 या संगणकासाठी फोरट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हा यंत्राचा वेळ इतका महाग होता की हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या जवळपासचा वेग मिळाल्याखेरीज ती कोणी स्वीकारणार नाही, याची त्यांना जाणीव होती. पुढे यंत्रे स्वस्त झाली, माणसाचे श्रम महागले आणि पारडे फिरले.

1991 मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथन या भाषेत दोन संख्यांची बेरीज लिहिणे अगदी सोपे आहे. मात्र ती करण्यापूर्वी इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम टप्प्याटप्प्याने वाचून चालवणारी यंत्रणा, दोन्ही संख्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे चालू कामातच तपासते. सी भाषेत हे प्रकार कंपायलरने, म्हणजे संपूर्ण प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेने, आधीच निश्चित केलेले असल्याने तीच बेरीज बहुधा एका यंत्रसूचनेत उरकते.

आता तत्त्वज्ञ बेंथम यांच्या उपयुक्ततावादाने, म्हणजे सर्वांच्या सुखदुःखाची बेरीज करून कृतीची योग्यता ठरवणाऱ्या मताने पाहिले, तर असा संथ प्रोग्राम वापरणाऱ्या दहा लाख लोकांचा एकेक सेकंद म्हणजे सुमारे 278 तास होतात आणि ते वाचवण्यासाठी प्रोग्रामरने महिनाभर राबावे, असा कौल मिळतो. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये नेमका अशा बेरजेवर आक्षेप घेतला, की माणसे एकमेकांपासून वेगळी असतात हेच ती विसरते. एकेक सेकंद गमावणाऱ्यांपैकी कोणाचेही 278 तास गेलेले नसतात, प्रोग्रामरचा महिना मात्र एकाच आयुष्यातून जातो.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो येथे लावताना भार सर्वांवर सारखा पडतो असे धरले जाते, आणि ते खरे नाही. नव्या फोनवर क्षणात होणारे काम जुन्या, स्वस्त फोनवर रखडते आणि ज्याला फोन बदलणे परवडत नाही त्यालाच ताटकळावे लागते. सर्वांत प्रतिकूल स्थितीतील माणसाचे हित आधी पाहावे, हे तर रॉल्स यांचेच तत्त्व आहे. म्हणून उत्पादकतेसाठी सोपी भाषा निवडणे समर्थनीय असले, तरी प्रोग्राम सर्वांत कमकुवत यंत्रावर चालवून पाहणे आणि तेथे तो अडत असेल तर निदान तेवढा भाग वेगवान भाषेत पुन्हा लिहिणे, हे प्रोग्रामरचे कर्तव्यच ठरते.