कल्याणच्या पायाखाली

पारनाक्यावर चहा पिताना परवा एक निवृत्त मास्तर म्हणाले, “सोपाऱ्याला निदान स्तूप तरी आहे. आपल्या कल्याणात प्राचीन असं काय उरलंय? नुसतं नाव!” ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सातवाहन, नाणेघाट, रोमशी व्यापार हे सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. मला मोलाची वाटते ती ‘पेरिप्लस’मधली तक्रार. पहिल्या शतकातली ही ग्रीक व्यापारी मार्गदर्शिका सांगते की, थोरल्या सारगनसच्या काळात ‘कॅलिएना’ रीतसर बंदर होतं; सँडनेसच्या ताब्यात गेल्यापासून मात्र तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असते. ज्या बंदराची अशी नाकेबंदी करावी लागते, ते काही किरकोळ नसतं. कान्हेरीच्या कातळावर तर कल्याणच्या सामिदत्त सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेखच आहे.

मास्तरांचं उत्तर तयार होतं: “हे सगळे पुरावे गावाबाहेरचे.” खरं आहे. पण मी नेहमी मेलेलं शहर आणि नांदतं शहर यांत फरक करतो. पॉम्पेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणून आज फिरून बघता येतं. कल्याण मेलंच नाही. जुन्या जोत्याचा दगड नव्या जोत्याला लागत गेला. दाखवायला काही नाही, कारण वस्ती कधी मोडली नाही. हा मी गावाचा मान समजत आलो.

आता तेवढ्यावर समाधान होत नाही. वाड्यांचे पाये उथळ असत. एक पडला की त्याच्यावर दुसरा उभा राही आणि खालचे थर तसेच राहत. आजच्या टॉवरला तळघरात पार्किंग लागतं. एका पुनर्विकासाच्या खड्ड्यात मी डोकावलो होतो. वर सिमेंट, मग विटांचा चुरा, खाली काळी माती आणि तिच्यात खापऱ्या. त्या कुठल्या काळातल्या, हे मला ओळखता येणार नाही. भडोचला इटलीची दारू येई, हेही ‘पेरिप्लस’च सांगतं. तसल्या दारूच्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणाची खापरी आणि कालच्या माठाची खापरी यांतला फरक जाणत्या नजरेलाच कळतो. जेसीबी थांबला नाही. माती डंपरमधून गेली.

रोमही नांदतंच शहर आहे. तिथे मेट्रोच्या ‘सी’ मार्गाचं काम करताना सैनिकांच्या बराकी सापडल्या. लंडनमध्ये ब्लूमबर्गच्या इमारतीच्या जागेवर रोमन काळातल्या चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या, त्याही बांधकामाआधी पुरातत्त्वज्ञ खड्ड्यात उतरले म्हणून. म्हणजे शहर नांदतं आहे ही सबब होऊ शकत नाही. उलट, नांदत्या शहरालाच जास्त जपायला हवं, कारण तिथे रोज कुणीतरी खणत असतं.

“बिल्डर थांबेल का?” मास्तरांनी विचारलं. टॉवर बांधण्याआधी माती परीक्षणासाठी बोअर घेतातच. जुन्या गावठाणात तीच माती पुरातत्त्वज्ञाला दाखवावी आणि पहिली खोदाई त्याच्या देखत व्हावी. महापालिकेने परवानगीत एवढी अट घातली, तर काम अडणार नाही.