पडवीतील रोपे आणि पाचवे कारण
काशीद हे रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील समुद्रकाठचे गाव असून, कोकणातल्या पावसाचा मारा कोवळ्या टोमॅटोला सोसत नसल्यामुळे, पाऊस ओसरल्यावर लावायची रोपे आधी पडवीत किंवा खिडकीशी तयार करून घेणे अशा ठिकाणी सोयीचे ठरते. मात्र ही रोपे पिवळी पडली, लांबुडकी झाली किंवा रातोरात आडवी झाली, की दोष कशाचा हा प्रश्न केवळ बागकामापुरता राहत नाही. ‘हाताला गुण नाही’ किंवा ‘नशिबात नव्हते’ अशी उत्तरे चटकन दिली जातात, आणि दोन्हींत कारणांचा शोध सुरू होण्याआधीच संपतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात, तेव्हा तो रोपांच्या ट्रेपर्यंत ताणणे भाष्याला सोडून होईल. तरीही दैवाला दिलेले पाचवे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे, कारण आधीची चार कारणे तपासल्याशिवाय त्याच्यावर भार टाकता येत नाही.

ही तपासणी कशी करावी, याचे उत्तर न्यायशास्त्राच्या अन्वय-व्यतिरेकात सापडते: एक गोष्ट असता दुसरी असणे हा अन्वय, आणि ती नसता दुसरीही नसणे हा व्यतिरेक. पाणी, खत आणि जागा एकाच दिवशी बदलणाऱ्याला रोप सुधारले तरी कारण कळत नाही. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणीही मचूळ असते. पानांच्या कडा करपत असतील, तर निम्म्या रोपांना साठवलेले पावसाचे पाणी देऊन, बाकी सर्व तसेच ठेवून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

रोपे कोलमडण्याच्या रोगात तर कर्ता आणि चेष्टा यांचा संबंध अधिकच अवघड होतो. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव मातीत आधीच असतात. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत ओली राहणारी माती मिळाली की ते जमिनीलगतच्या देठावर हल्ला करतात. पुष्कळदा हा ओलावा निष्काळजीपणातून नव्हे, तर अतिकाळजीतून आलेला असतो, आणि हेतू चांगला होता एवढ्याने कर्त्याची जबाबदारी सुटत नाही.

उरते दैव. शंकराचार्यांच्या मते ते म्हणजे डोळ्यादी इंद्रियांना साहाय्य करणारे आदित्यादी देव. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याचा संबंध मनुष्याच्या प्रयत्नांबाहेरील सृष्टिव्यापारांशी जोडला. ढगाळ आकाश हा असाच व्यापार आहे. प्रकाश अपुरा पडल्याने रोप त्याच्या शोधात उंच, फिके आणि नाजूक होते. पण ट्रेजवळ दिवा लावता येत असेल, तर तेवढा भाग दैवाच्या खात्यातून वजा करणे भाग आहे. लांबुडके रोप पुनर्लावणीच्या वेळी खोल लावले, तर मातीत गेलेल्या देठालाही मुळे फुटतात. कोलमडलेल्याला मात्र इलाज नाही, ते काढून स्वच्छ मिश्रणात नवे बी पेरावे लागते.