‘घेऊ नकोस’ कोण सांगणार?

विलेपार्ल्याला कूपर रुग्णालयाच्या मागे ‘ग्राहक भवन’ आहे. मुंबई ग्राहक पंचायतीचं हे मुख्यालय. खरेदीच्या संकेतस्थळांवर मैत्री, गप्पा, गट, लाइक असं सगळं आणून बसवण्याच्या धंद्याला हल्ली ‘सोशल कॉमर्स’ म्हणतात आणि ही कल्पना कालपरवा कुठल्या तरी तंत्रज्ञांच्या डोक्यातून निघाली असं मानलं जातं. मला मात्र तिचा पत्ता पार्ल्याचाच वाटतो.

पंचायत १९७५ची. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं तिच्या उभारणीत होती. त्याआधीची दोन-तीन वर्षं आठवा: १९७२चा दुष्काळ, तेल-रव्यासाठी रांगा, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांचे लाटणं मोर्चे. मोर्चा सरकारला हलवतो, पण उद्याच्या डाळीचं काय? त्यावर पंचायतीनं काढलेला तोडगा साधा होता. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ करायचा. दर महिन्याला प्रत्येक घरानं यादीवर आपली मागणी लिहायची. पंचायत घाऊक बाजारातून माल घेणार, तो एका सभासदाच्या घरी उतरणार आणि तिथेच त्याचं वाटप. पुढे सभासद कुटुंबांची संख्या तीस हजारांपलीकडे गेली. त्यात उपनगरांतल्या मध्यमवर्गाचा वाटा मोठा.

वाटप म्हटलं की बोलणं आलंच. मागच्या खेपेची तूरडाळ शिजायला वेळ घेते, हा साबण पाण्यात विरघळतो, वह्या मात्र छान. आजच्या भाषेत हे रिव्ह्यूच. पण तो देणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळत नसत, आणि पुढच्या महिन्यात त्याच बायकांसमोर तिला पुन्हा बसायचं असे. म्हणून ती जपून बोले. आणि बरेचदा तिचं बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबे: ‘घेऊ नकोस.’

खरेदीत माणसाला माणसाची गरज लागते ती मुख्यतः या वाक्यासाठी. ‘घे’ म्हणायला दुकानदार असतोच, जाहिरात असते, आपलं स्वतःचं मन तर सगळ्यांत पुढे असतं. नणंद, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण यांचा उपयोग हात धरण्यापुरता. संकेतस्थळांनी शेजार उभा केला तेव्हा नेमका हा हात तेवढा गाळला.

फेसबुकनं नोव्हेंबर २००७मध्ये ‘बीकन’ आणलं. तुम्ही दुसऱ्या संकेतस्थळावर काही विकत घेतलं की त्याची बातमी तुमच्या मित्रांना आपोआप जाणार. एका गृहस्थानं बायकोसाठी गुपचूप घेतलेली हिऱ्याची अंगठी अशीच सगळ्यांच्या आधी जगजाहीर झाली. खटला झाला, ९५ लाख डॉलरची तडजोड झाली, आणि २००९मध्ये बीकन बंद पडलं. अ‍ॅमेझॉननं २०१७मध्ये ‘स्पार्क’ काढून पाहिलं, २०१९मध्ये गुंडाळलं. २०२२च्या डिसेंबरात ‘इन्स्पायर’ आणलं, तेही २०२५च्या सुरुवातीला मिटलं. दोन्हींत लोकांनी वस्तूंचे फोटो नि व्हिडिओ टाकायचे आणि इतरांनी ते पाहता पाहता विकत घ्यायचं, एवढाच समाज होता. कोपऱ्यात उभं राहून ‘अगं, ही ओढणी रंग सोडते’ म्हणणारं कोणी नाही.

चीनमध्ये मात्र गणित जमलं. २०१५मध्ये सुरू झालेल्या पिनडुओडुओवर ओळखीच्यांना जोडून घेतलं की किंमत उतरते. पाच वर्षांत तिचे वार्षिक खरेदीदार ७८ कोटींवर गेले. वरवर पाहता ही ग्राहक पंचायतच. फरक असा, की संघात माणसं आधी जमत आणि वस्तू नंतर ठरे. इथे वस्तू आधी असते आणि तिच्यासाठी माणसं गोळा करायची असतात. ‘माझ्यासाठी एवढं क्लिक कर ना’ म्हणून दूरच्या मावसभावालाही निरोप जातो.

आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅपनं केलं. बेंगळुरूत २०१५मध्ये निघालेली मीशो याच वाटेनं वाढली, आणि २०१९मध्ये फेसबुकनं भारतातल्या नवउद्योगातली आपली पहिली गुंतवणूक तिच्यातच केली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींमध्ये कॅटलॉगचे फोटो फिरू लागले: कुर्ती, बेडशीट, कढईचा सेट. रीसेलर वहिनी फोटोखाली स्वतःचं मार्जिन धरून किंमत लिहिणार, ऑर्डर आली की पुढे नोंदवणार, पार्सल थेट गिऱ्हाइकाच्या घरी. याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. भांडवल नाही, गाळा नाही, दुपारचे दोन तास मोकळे आहेत, अशा बाईच्या हाती त्यातून स्वतःचे पैसे आले, आणि ही लहान गोष्ट नव्हे. नात्यावर धंदा करणं हेही नवं नाही. हप्त्यानं साड्या देणाऱ्या बायका चाळींत होत्या, भिशीच्या बैठकीत डबे विकले जात होते.

पण साडीवाली साडी आपल्या हातानं उलगडून दाखवायची. पोत तिनं पाहिलेला असे, काठ कच्चा निघाला तर जिन्यात गाठणारी गिऱ्हाइकं असत. फोटो पुढे ढकलणाऱ्या वहिनीनं ती कुर्ती कधी हातात घेतलेलीच नसते. तिच्या शब्दाला वजन आहे ते वीस वर्षांच्या शेजाराचं, आणि ते वजन तिनं न पाहिलेल्या मालावर ठेवलं जातं. माल वाईट निघाला की रिटर्नची कटकट कंपनीची, पण अवघडलेपण तिचं. समोरचीही अवघडते: वहिनींनी पाठवलंय, एकदा तरी घ्यायला हवं. जिथे ‘घेऊ नकोस’ यायचं त्याच तोंडात आता ‘घे’ आलं.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र लपवू नये. संघात तुमची यादी सगळ्यांना दिसते. या महिन्यात तूप का नाही, हे कोणी विचारत नसेल, पण कळतं सगळ्यांना. कुणाच्या घरी काय शिजतं यावर नजर ठेवणाऱ्या सोसायट्या या उपनगरांत कमी नाहीत. अशा ठिकाणी कोणाला न सांगता, बंद खोक्यातून वस्तू घरी येणं ही मोठी मोकळीक आहे, आणि शेजाराची नजर पुन्हा पडद्यावर आणून बसवणाऱ्यांनी याचा विचार केलेला नाही. शिवाय संघ चालवायला वेळ लागतो. सकाळी ७.५०ची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बाईनं वाटपाला कधी बसायचं? आपल्या शब्दाला जबाबदार राहणं म्हणजे शेवटी कोणाचे तरी तासच.

नकार उघडपणे सांगायला आपल्याकडे न्यायालयात जावं लागलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंबईतच २०००मध्ये सुरू झालेलं ‘माउथशट’ हे ग्राहकांच्या मतांचं संकेतस्थळ. वाईट मत काढून टाका म्हणून त्याच्यामागे नोटिसांचा ससेमिरा लागला, तेव्हा २०१३मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या प्रकरणात पालघरच्या मुलींच्या अटकेमुळे गाजलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, त्याच २४ मार्च २०१५च्या निकालानं याचाही निवाडा केला: न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असल्याखेरीज, केवळ कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढण्याची सक्ती नाही. पुढे २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे. सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई आणि खोटी लोकप्रियता दाखवणं हे ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल, ठरवलं. ‘आत्ता ४७ जण ही वस्तू पाहत आहेत’ अशी पाटी दिसली, तर ते ४७ जण कोण, हे विचारायचा हक्क निदान कागदावर आला.

कंपन्यांना नकार दाखवता येत नाही असं नाही. कोणती चप्पल किती जणांनी परत पाठवली, कोणता मिक्सर सहा महिन्यांत तक्रारीला आला, याचा हिशेब त्यांच्याकडे कोणत्याही शेजारणीपेक्षा चोख असतो. २०२३मध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत काही वस्तूंवर ‘ही वारंवार परत येते’ अशी सूचना लावायला सुरुवात केली. लाइकची सगळी बटणं एकीकडे आणि ही एक ओळ एकीकडे. मला ही ओळ जास्त ‘सोशल’ वाटते. एक वर्षानं विचारा, अजून वापरता का? परत घ्याल का? उत्तरं वस्तूच्या फोटोखालीच, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. हे होणार नाही असं मी म्हणत नाही. पण विक्रीवर पगारवाढ मोजली जाते तिथे विक्री थांबवणारं बटण कोण आनंदानं बसवेल?

तोवर लोकांनी आपली सोय आपणच लावली आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपतीची वर्गणी यांसाठी सोसायटीचा एक ग्रुप असतो, आणि त्यात विक्रीच्या पोस्ट टाकायच्या नाहीत अशी ताकीद अनेक ठिकाणी सेक्रेटरीनं वरच चिकटवलेली असते. कुर्ती, लोणची, हापूसच्या पेट्या यांच्यासाठी वेगळा ग्रुप. टाळेबंदीत शेतकऱ्यांकडून थेट भाजी मागवायला बनलेले कितीतरी ग्रुप पुढे असेच विक्रीचे झाले. त्यातून पुष्कळजण नंतर गुपचूप बाहेर पडतात. पहिल्यातून सहसा कोणी जात नाही. आणि कढई घेण्याआधी ‘कोणी वापरली आहे का?’ हा प्रश्न, ताकीद असूनही, पहिल्याच ग्रुपवर विचारला जातो.