पटवून देणे आणि खरे बोलणे

माध्यमिक शाळेच्या मराठीत व्याकरण, अलंकार आणि उपयोजित लेखन हे तीन भाग बहुधा निरनिराळ्या तासांना शिकवले जातात. यांतील उपयोजित लेखनात जाहिरात, विनंतीपत्र, मागणीपत्र असे प्रकार येतात, वैचारिक निबंध त्यांच्या शेजारी असतो, आणि वाचणाऱ्याचे मन आपल्या बाजूला वळवणे हा कमीअधिक प्रमाणात या सर्वांचा हेतू असतो. मन वळवण्याची ही विद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावी का, आणि दिली तर सत्याच्या व्रताशी तिचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा दिसत असला तरी मुळात तो धर्मचर्चेतला आहे. मीमांसक, आलंकारिक, योगभाष्यकार आणि नैयायिक या चौघांनीही तो आपापल्या परीने हाताळला आहे, आणि मावळात तर त्याचे एक जुने उदाहरण दगडावरच कोरलेले आहे.

कार्ल्याच्या महाचैत्याच्या दर्शनी भागात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. हे शैलगृह आपण पूर्ण केले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्याचा आशय. आतल्या खांबांवरचे लेख मात्र अगदी कोरडे आहेत. धेनुकाकटाच्या अमक्या यवनाने किंवा गृहस्थाने हा खांब दान दिला, एवढे सांगून ते थांबतात. भूतपालाने सारे जंबुद्वीप पाहिले असण्याचा संभव नाही. मग ज्या धर्मात असत्य भाषणापासून दूर राहणे हे पंचशीलातले एक शील आहे, त्या धर्माच्या वास्तूवर त्याने असत्य कोरवले असे म्हणायचे काय?

आलंकारिकांचे उत्तर 'नाही' असे येईल. वस्तूचे गुण आहेत त्याहून वाढवून सांगणे म्हणजे अतिशयोक्ती, वस्तू आहे तशी जिवंतपणे वर्णन करणे म्हणजे स्वभावोक्ती, आणि अतिशयोक्तीत सांगणारा आणि ऐकणारा या दोघांनाही वाढ ठाऊक असते, म्हणून तीत फसवणूक नाही. हे उत्तर मार्मिक आहे, पण ते एका अटीवर उभे आहे: ऐकणाऱ्याला अलंकार ओळखता आला पाहिजे. ज्याला तो ओळखता येत नाही त्याच्यापुरती अतिशयोक्ती ही खोटी साक्षच ठरते. लोणावळ्याच्या परिसरातील बंगल्यांच्या आणि प्लॉटच्या जाहिराती वाचणाऱ्या मुलाला 'निसर्गाच्या कुशीत' हे रूपक आहे, अंतर किंवा क्षेत्रफळ नव्हे, एवढे कळले तर अलंकाराचा धडा सार्थकी लागला. व्याख्या पाठ करून उदाहरणाखाली रेघ मारण्याने ते साधतेच असे नाही.

मीमांसकांनी हा विषय वेदवाक्यांच्या संदर्भात आणखी खोलवर नेला. 'हे करावे' असे सांगणारे वाक्य म्हणजे विधी, आणि त्या कर्माची किंवा त्याच्या देवतेची स्तुती करणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, असे वाक्य स्वतंत्रपणे घेतले तर त्यातून काहीच कर्तव्य निघत नाही. वायूसाठी करायच्या यागाच्या विधीशी जोडले की मात्र ते कचरणाऱ्या माणसाला प्रवृत्त करते. खुद्द वेदाच्या आज्ञेलाही स्तुतीची जोड लागावी, ही कबुली धीट आहे. तिच्यासोबत मीमांसकांनी घातलेली मर्यादा मात्र जास्त मोलाची म्हटली पाहिजे, कारण अर्थवादाला त्यांनी स्वतःचे प्रामाण्य दिले नाही. ज्या विधीशी तो एकरूप होतो त्याच्याच बळावर तो उभा राहतो. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपदेशाच्या तीन रीती सांगितल्या: वेद स्वामीसारखा आज्ञा करतो, पुराणेतिहास मित्रासारखे समजावतात, आणि काव्य प्रियेसारखे रसात गुंतवून योग्य वाटेला नेते. विद्यार्थ्याला मागणीपत्र, वैचारिक निबंध आणि कथा यांतला फरक सांगताना ही वाटणी आजही उपयोगी पडेल.

सर्वांत नेमके विवेचन योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सापडते. यमांपैकी सत्य या यमाची व्याख्या करताना भाष्यकार म्हणतात की वाणीचा उपयोग आपल्याला झालेला बोध दुसऱ्यात संक्रांत करण्यासाठी असतो, म्हणून ती वंचिता, भ्रांता किंवा प्रतिपत्तिवंध्या असू नये, शिवाय ती प्राणिमात्रांच्या हिताची असावी. वंचिता म्हणजे फसवणारी, भ्रांता म्हणजे बोलणाऱ्याच्याच चुकीच्या समजातून निघालेली, आणि प्रतिपत्तिवंध्या म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात बोधच न उपजवणारी. यातला तिसरा दोष विशेष लक्ष देण्यासारखा आहे, कारण त्यामुळे दुर्बोध, अन्वय न लागणारे वाक्य हे भाषेच्या अशुद्धीतून उठून सत्याच्या उल्लंघनात जमा होते, आणि व्याकरण हा नीतीचा विषय बनतो. पहिल्या दोषाला टीकाकार वाचस्पतिमिश्रांनी दिलेले उदाहरण सर्वांना परिचित आहे: अश्वत्थामा मेला, हे द्रोणाला सांगणारा युधिष्ठिर. ते वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, त्या नावाचा हत्ती खरोखर मेला होता, आणि तरीही ते असत्य होते. शुद्धलेखनाचे गुण त्या वाक्याला पूर्ण मिळाले असते!

प्रयोग शिकवताना हाच धागा पुढे नेता येतो. 'ठेकेदाराने टेकडी फोडली' या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. 'टेकडी फोडली गेली' असे म्हटले की कर्ता वाक्यातून निघून जातो आणि त्याच्यासोबत जबाबदारीही निघून जाते. ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. त्यांतले कोणते खरे बोलते, हा प्रश्न व्याकरणाच्या तासालाच विचारायला हवा, कारण नागरिकशास्त्राच्या तासाला तो विचारण्यासाठी लागणारी परिभाषा मुलांपाशी नसते.

आपल्याला न पटणाऱ्या बाजूने निबंध लिहायला लावणे हे असत्याचे शिक्षण नव्हे काय, अशी शंका उरते. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचे खंडन करणारी ती वितंडा. विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो दुबळा करून मांडणे हा शास्त्रात कमीपणा मानला जातो. तेव्हा दुसऱ्याची बाजू लिहिण्यात दोष नाही. ती आपलीच असल्याचा आव आणण्यात आहे. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा मात्र बहुतांशी जल्पालाच बक्षीस देतात, हे खेदाने नोंदवावे लागते.

मन वळवण्याचा याहून वेगळा मार्ग लोणावळ्यातच चोखाळला गेला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले, आणि योगाची महती शब्दप्रामाण्यावर न सोडता प्रयोगशाळेतील निरीक्षणांच्या आधारे मांडली. तिथे विशेषणांची जागा मोजमापाने घेतली.

तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालयाचा इतिहास प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. विष्णु गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात सुरू केलेली ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा पुढे तळेगावला आली आणि १९१० मध्ये सरकारने ती बंद केली. त्यापूर्वी, विजापूरकरांच्या 'विश्ववृत्त' मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख आला होता, आणि त्यावरून झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला. मराठीत आज्ञा, विनंती, प्रार्थना आणि आशीर्वाद या चारही गोष्टी क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपाने व्यक्त होतात. देवाला उद्देशून केलेली याचना वाचकाला केलेले आवाहन केव्हा ठरते, हे रूपावरून कळत नाही, ते संदर्भावरून ठरवावे लागते. त्या खटल्यात सरकारने तो संदर्भ आपल्या सोयीने ठरवला, पण प्रार्थनेच्या शब्दांत माणसे हलवण्याचे सामर्थ्य असते हे त्याने अचूक ओळखले होते.

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याला जाहिरात तयार करायला सांगतात. तिच्याच शेजारी एखादी छापील जाहिरात देऊन तीत अतिशयोक्ती कुठे आहे, कर्ता कुठे लपवला आहे आणि कोणते विधान तपासून पाहता येईल, असा एक प्रश्न मंडळाने घालावा आणि त्याला जाहिरातलेखनाइतकेच गुण ठेवावेत.