शनवार तेली

‘शनवार तेली’ हे दोन शब्द बंगालीत न्यायचे होते आणि मी तिथेच दोन दिवस अडकले. तेल्याला बंगालीत ‘कोलु’ म्हणतात. पण ‘शनिबारेर कोलु’ ऐकून माझ्या बंगाली मैत्रिणीला वाटले, हा फक्त शनिवारी तेल विकणारा असावा. खरे ते नेमके उलटे. कोकणात अलिबाग-पेणच्या बाजूला तेल्यांची जी घरे शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यांना शेजाऱ्यांनी दिलेले हे नाव. तेच बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू; किहीमकर, दिवेकर, पेणकर अशा आडनावांचे. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, रब्बाय नव्हते. उरला होता शब्बाथ, सुंता, खवल्यांचाच मासा आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना.

कोलकात्यात ज्यू म्हटले की बगदादी आठवतात. त्यांचे 1884 चे मागेन डेव्हिड सिनेगॉग आजही झळाळते आणि त्याची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबे करत आली आहेत. शेजाऱ्यांना अडचण कधीच नव्हती. अडचण आली ती भावकीतूनच. मुंबईत 1836 मध्ये बगदाद्यांनी दोघांच्या सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत मागितली. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलींना मतदानाचा हक्क हवा होता, तर प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. 1935 चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे इस्रायलमध्ये 1961-62 च्या सुमारास तिथल्या रब्बायांनी सांगितले की बेने इस्रायलीशी विवाह नोंदवायचा तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा.

यामागे निव्वळ आकस होता असे मी म्हणणार नाही. घटस्फोटाचा लेख धर्मशास्त्राप्रमाणे झाला नसेल, तर त्या स्त्रीच्या पुढच्या लग्नातल्या मुलांना ज्यू समाजात लग्न करता येत नाही. हा जुना, कठोर नियम आहे. पण ज्यांच्याकडे कागदच नव्हते, त्यांच्याकडे तो कागद मागत होता.

अशा वेळी आधुनिक ज्यू विचारवंत मदतीला येतील असे वाटते. मॉर्डेकाय कॅप्लनने 1934 मध्ये मांडले की ज्यू धर्म ही एक अख्खी संस्कृती आहे, केवळ श्रद्धांची यादी नव्हे. या व्याख्येत बंद घाणा सहज बसतो. पण एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा मांडणारी बाई ‘संस्कृती जपत’ नसते. तिचा नवस असतो. मला फ्रान्झ रोझेन्झ्वाइग अधिक जवळचा वाटतो. प्रार्थनेच्या वेळी दंडाला बांधायची चामडी डबी, तेफिलिन, तू बांधतोस का, असे विचारल्यावर तो म्हणाला होता म्हणे, ‘अजून नाही.’ त्या ‘अजून’मध्ये जागा आहे.

आणि बेने इस्रायल म्हणजे एकच साधीभोळी श्रद्धा, असेही नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली, लंडनमध्ये पाहिलेल्या उदारमतवादी पंथाच्या धर्तीवर. म्हणजे पंथभेद त्यांच्याही घरात होता, आणि तो त्यांनी स्वतः निवडलेला होता.

म्हणूनच 1964 मध्ये जेरुसलेमला धरणे धरणाऱ्यांची मागणी मला महत्त्वाची वाटते. वैविध्याचा सन्मान करा, आम्हाला वेगळा पंथ म्हणून मान द्या, असे ते म्हणत नव्हते. आमच्या नावापुढची खूण काढा, एवढेच म्हणत होते. आपण बहुविधतेचे गोडवे गाणारे लोक (भाषांतरकार तर फारच) हे ऐकून थोडे हिरमुसतो. ऑगस्टमध्ये इस्रायल सरकारने जाहीर केले की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. मग रब्बायांनी आदेशातून त्यांचे नाव काढले, पण संशय असेल त्याची चौकशी करण्याचा नियम ठेवलाच.

शेवटी मी बंगालीत लांबलचक लिहिले: ‘जे कोलु शनिबारे घानि बन्ध राखे.’ मैत्रिणीने वाचून विचारले, ‘हे लोक स्वतःला असे म्हणायचे?’

‘नाही. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणायचे.’

‘मग ते आधी लिही,’ ती म्हणाली, ‘कोलु नंतर.’