स्टेम सेल : पाचवी आज्ञा आणि आठवी आज्ञा



‘फादर, स्टेम सेलचे उपचार आपल्या धर्माला चालतात का?’ घरात दुखणे आले की हा प्रश्न निघतो. त्यावर आज थोडा विचार करू या.

आपली रोगप्रतिकारक शक्ती ही घराच्या राखणदारासारखी आहे. ल्युपस, मल्टिपल स्क्लेरॉसिस, क्रोन्स अशा आजारांत हा राखणदार घरच्यांवरच धावून जातो. काही प्रकारच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, त्याला शांत करू शकतील अशी संशोधकांना आशा आहे.

ख्रिस्तसभा या संशोधनाच्या विरोधात नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ हे पत्रक काढले. प्रौढ माणसाच्या शरीरातून त्याला गंभीर इजा न करता घेतलेल्या किंवा जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून मिळालेल्या पेशी वापरण्यास त्यात मुभा आहे. जिवंत मानवी भ्रूणाचा नाश करून पेशी मिळवणे मात्र निषिद्ध आहे. एकाला बरे करण्यासाठी दुसऱ्या, सर्वांत दुबळ्या जीवाचा बळी देता येत नाही. ही झाली पाचवी आज्ञा.

पुष्कळ भाविक इथेच थांबतात. पेशी योग्य मार्गाने आली, म्हणजे सारे ठीक! पण आठवी आज्ञा सांगते, खोटी साक्ष देऊ नको. या उपचाराविषयी रुग्णाला खरे सांगितले जाते का?

दोन उदाहरणे पाहा. बोन मॅरो बदलल्यावर कधी कधी दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. स्टेरॉइडने गुण न येणाऱ्या अशा मुलांसाठी प्रौढ दात्यांच्या पेशींपासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेने २०२४ साली मान्यता दिली. क्रोन्सच्या रुग्णांतील भगेंद्रासाठी युरोपने २०१८ साली असेच एक औषध मान्य केले होते. पुढच्या मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरले नाही आणि २०२४ साली ते मागे घेतले गेले. दोन्हींतल्या पेशी निर्दोष मार्गाने आलेल्या होत्या. फरक दिसला तो प्रामाणिक तपासणीमुळे.

आपल्या देशातही आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताचे काही विकार वगळता स्टेम सेलचा वापर हा प्रयोग मानला आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा असे सांगितले. तरीही हमखास गुणाची जाहिरात होते आणि कोणी दागिने मोडतो, कोणी जमीन विकतो.

कोणी म्हणेल, ‘माझ्यापाशी वेळ नाही, मला धोका पत्करू द्या.’ जाणूनबुजून चाचणीत सहभागी होणे हे धैर्य आहे, पुढच्या रुग्णांची सेवाही आहे. पण ज्याला सत्य सांगितलेलेच नाही, त्याची संमती खऱ्या अर्थाने संमती नव्हे. स्वातंत्र्याला सत्याचा आधार लागतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानातली रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवा. बारा वर्षे तिने वैद्यांवर होते नव्हते ते खर्च केले आणि दुखणे वाढतच गेले. प्रभू येशूने तिच्या आशेला दोष दिला नाही, तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा : पेशी कुठून आल्या? ही चाचणी आहे की सिद्ध उपचार? चाचणी असेल, तर पैसे कशाचे? उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्या डॉक्टरांना भेटा. आणि शेजारी कोणी असा निर्णय एकट्याने घेत असेल, तर त्याच्यासोबत जा. आजाऱ्याला आशा हवी असते, पण ती खरी असावी, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.